‘अस्सल १९८१ चा आयबीएम पीसी’ ओळखायच्या पाच खुणा, आणि त्यातला घोळ

‘जुना पीसी १९८१ चा अस्सल आयबीएम आहे का? पाच खुणांवरून ओळखा’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आता माझा भाचाच त्याच्या भरवशावर यंत्र विकत घ्यायला निघालाय, म्हणून लिहिणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं असं: चिपवरचा आकडा म्हणजे यंत्राचं साल, पिवळा पडलेला डबा अस्सल, पुढची नावाची पट्टी बघा, हार्ड डिस्क असेल तर एक्सटी (आयबीएमचं पीसीनंतरचं मॉडेल), आणि प्लग लावून बटण दाबा, एक बीप वाजली की माल खरा.

चिपचा मुद्दा तर कहर आहे. फोटोत ‘८२३७’ वर बाण काढून ‘१९८२, ३७ वा आठवडा’ लिहिलंय. अहो, ८२३७ हा डीएमए कंट्रोलरचा (मेमरीत थेट डेटा नेणाऱ्या चिपचा) मॉडेल नंबर आहे! शेजारीच ८२५३ टायमर, ८२५९ इंटरप्ट कंट्रोलर आणि ८२८८ बस कंट्रोलर बसलेत. मग ८२८८ काय, १९८२ चा अठ्ठ्याऐंशीवा आठवडा? साल-आठवडा असा चार आकडी कोड चिपवर असतो हे खरं, पण तो मॉडेल नंबरापासून वेगळा छापलेला असतो. शिवाय सॉकेटातली चिप कुणीही बदलू शकतो. म्हणून रॅमच्या चार रांगांपैकी बोर्डाला थेट सोल्डर केलेली नऊ चिपांची पहिली रांग बघा. त्यावरच्या तारखेआधी तो बोर्ड बनलेला असूच शकत नाही.

बायॉसमधलं (यंत्र चालू होताना चालणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्राममधलं) कॉपीराइटचं सालही फसवतं. आयबीएमच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये बायॉसचा अख्खा कोडच छापलाय, तो वाचला असता तर हा मेसेज निघालाच नसता. यंत्र चालू असेल तर डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘डीबग’ प्रोग्राममध्ये ‘डी’, मोकळी जागा, चार वेळा ‘एफ’, कोलन, शून्य असं टाइप करा. पहिल्या ओळीत उजवीकडे बायॉसची तारीख दिसते. ५१५० (हाच १९८१ चा मूळ पीसी) वर ती २४ एप्रिल १९८१, १९ ऑक्टोबर १९८१ किंवा २७ ऑक्टोबर १९८२ असते. यातल्या शेवटच्या बायॉसमध्ये कॉपीराइट मात्र १९८१ चाच आहे! त्याच ओळीतला शेवटून दुसरा बाइट ‘एफएफ’ असेल तर पीसी, ‘एफई’ असेल तर एक्सटी. क्लोनही (इतर कंपन्यांच्या नकलाही) ‘एफई’ दाखवतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

पिवळेपणा ऊन आणि उष्णतेनं येतो, आणि तोही प्लास्टिकला. ५१५० चं झाकण रंगवलेल्या पत्र्याचं आहे. नावाची पट्टी तर काढून दुसरीकडे चिकटवता येते.

हार्ड डिस्कचा मुद्दा अर्धा खरा, एवढं मान्य करू. मार्च १९८३ चा एक्सटी (५१६०) कारखान्यातूनच १० मेगाबाइटची डिस्क घेऊन आला. पण पुढे डिस्क नसलेले एक्सटीही निघाले, आणि ५१५० मध्येही लोकांनी डिस्क बसवल्या. त्यासाठी १९८२ चा बायॉस लागतो, आणि मूळचा ६३.५ वॅटचा पॉवर सप्लाय सहसा बदलावा लागतो. फरक बघायचा तर स्लॉट मोजा: पीसीला पाच, एक्सटीला आठ. मागे पीसीला कीबोर्ड आणि कॅसेट अशी दोन गोल भोकं, एक्सटीला एकच.

आणि ते ‘प्लग लावून बघा’! एक बीप म्हणजे सुरुवातीची तपासणी पार पडली, एवढंच. अस्सलपणाचा त्यात काय संबंध? अमेरिकेत विकलेल्या ५१५० चा सप्लाय १२० व्होल्टचा असतो, २३० वर लावलात तर गेलाच. आधी लेबल वाचा. मग प्लग न लावता सप्लायकडून बोर्डाला जाणारे पी८ आणि पी९ हे कनेक्टर काढा आणि बोर्डाच्या बाजूनं पी८ ची तिसरी पिन (+१२ व्होल्ट) व ग्राउंड यांच्यातला रोध मल्टिमीटरनं मोजा. तो शून्याजवळ आला तर बहुतेक एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. अशा वेळी चालू केलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. एक्स्पान्शन कार्डं काढून पुन्हा मोजा, म्हणजे दोष कार्डात की बोर्डात ते कळेल. कनेक्टर परत लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जळतो.