एक स्टार दिलेल्या दादांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की हौसेनं बसवलेला कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) काढून आम्ही परत कंपनीचाच फिल्टरचा बंद डबा टाकला, एक पाइप आणि पत्रा लावून पैसे घेतले, पिकअपला काडीचा फरक नाही आणि जुना फिल्टरबी ठेवून घेतला. फिल्टर तुमच्या डिकीतच आहे, स्टेपनीच्या खाचेत पेपरात गुंडाळलेला, पोरानं चावी देताना सांगितलं होतं, एकदा उचलून बघा की.

आता मेन विषय. तो कोन उघडा होता, रेडिएटरच्या मागं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासनं (इंजिनातनं तापलेला धूर बाहेर पडतो तो पाइप) वीतभर अंतरावर, म्हणजे रेडिएटरमधनं तापून आलेली हवाच इंजिन ओढत होतं. आवाज भारी येत होता, मान्य, पण आवाजानं गाडी पळत नाही ओ. तुमच्यासमोरच स्कॅनर लावला होता, बाहेर ४१ डिग्री आणि चालत्या गाडीत इंटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, ६२. डबा बसवून, ग्रिलच्या मागनं रेडिएटरच्या पुढनं हवेचा पाइप आणून, मॅनिफोल्डच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि फटीला फोम मारल्यावर त्याच रोडला ४९ आलं. हवा तापली की विरळ होते, १० डिग्रीला साधारण ३ टक्के, म्हणजे तुम्हाला फार तर ४ टक्के हवा जास्त मिळाली. ८० हॉर्सपॉवरच्या गाडीला ते ३ हॉर्सपॉवर होतात, तेबी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, सीटवर बसून ते कळायचं नाही आणि हे मी काम घेतानाच बोललो होतो. अ‍ॅव्हरेज वाढंल असंबी मी कुणाला सांगत नाही. फायदा कुठं, तर पेट्रोल इंजिनला तापलेली हवा गेली की नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकतं, मग ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि एसी लावून चौघं बसले की चढाला गाडी मेल्यागत होते, आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला हे जास्तच, तिथं फरक बघा.

सिग्नलला ६० दिसतंय म्हणता, बरोबरच दिसतंय! आसरा चौकात उभ्या गाडीला पुढनं वारा कुठला येणार, बॉनेटखालची सगळी गरमी डब्यात आणि पाइपात मुरती, कंपनीच्या नव्या गाडीतबी वाढतंच. गाडी हलली की दोनेक मिनिटात खाली येतं, तिथं बघायचं.

बंपरच्या खाली पाइपचं तोंड का नाही दिलं, व्हिडिओत तर तसंच दाखवतात, हा तुमचा शेवटचा मुद्दा. दादा, पावसात रेल्वे पुलाखाली पाणी साचतं तिथनं तुम्ही रोज जाता. खालनं तोंड असलं आणि इंजिननं एक घोट पाणी ओढलं की संपलं, पाणी काय हवेसारखं दाबलं जात नाही, सरळ कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. शिवाय उसाच्या ट्रॉलीमागची धूळ सगळी तिथंच बसणार. ते तसलं काम मी करत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालंल.

बिलात पाइप, पत्रा, क्लॅम्प, नवा पेपर फिल्टर आणि मजुरी वेगवेगळी लिहिलीय, ज्याचा आक्षेप आहे ते सांगा. तुमच्या सवडीनं दुपारी ऊन असतानाच या, स्कॅनर लावून बाळे गावाच्या पुढं पुणे हायवेला तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो, पैसे नको. ५० च्या आसपास नाही दिसलं, म्हणजे बाहेरच्यापेक्षा ८-१० डिग्रीच्या वर गेलं, तर पाइप मी परत करून देतो. आणि कोनच पायजे असंल तर तोबी बसवून देतो, फक्त त्याला चारी बाजूनं डबा करावा लागंल, उघडा नाही बसवणार. सोमवारी गॅरेज बंद असतं, ते सोडून कधीबी या.