पंपाला रात्र कशाला हवी?

"सोलर दिवसा चालतो, वीज लागते रात्री. छोट्या प्रकल्पांनी उलट ग्रिड बिघडतं. साठवण नाही तोवर सगळा पैशाचा चुराडा." व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुराची तीनही वाक्यं तपासू.

वीज लागते रात्री. कुणाला? घरातले दिवे आणि टीव्ही संध्याकाळीच लागतात, मान्य. पण आपल्याकडचा मोठा वापर विहिरींवरच्या पंपांचा आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे वीज उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, पंपांना लागणारी थ्री फेज वीज काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री 10 तास, अशी पाळी वर्षानुवर्षं चालली. ती रात्र पिकाने मागितली नव्हती. रात्री इतर वापर कमी, म्हणून पंप तिकडे ढकलले. साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायची, वेळ मात्र शेतकऱ्यावर आली. म्हणजे मागणी सरकवता येते, हे आपण केव्हाच करून बसलोय, फक्त उलट्या दिशेने! 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना तीच मागणी उन्हाकडे आणते: उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प, त्याची वीज तिथल्याच शेती फीडरला. साठवण शेततळ्यात आणि भिजलेल्या रानात होते.

ग्रिड बिघडतं. यात अर्धं तथ्य आहे. एकाच डीपीवरच्या (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) छतांवर भर दुपारी वीज तयार होतेय आणि घरं कुलूपबंद, तर व्होल्टेज चढतं, सोलरचा इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, मालकाचे युनिट बुडतात. म्हणून गिझर, वॉशिंग मशीन, टाकीची मोटर दुपारी चालवायची. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर जुलै 2025 पासून सवलत आहे, ती याचसाठी. बाकी डीपी जळायला सोलर कशाला हवा? पंपांचे ऑटो स्विच पुरेसे आहेत. वीज आली की अख्ख्या शिवारातले पंप आपोआप एका क्षणी सुरू होतात आणि सगळा भार डीपीवर येतो. वापर दिवसा आणताना तो विखुरावाही लागेल, आणि हे काम योजनेच्या जाहिरातीतही दिसत नाही.

राहिला पैशाचा चुराडा. संध्याकाळच्या मागणीला साठवण लागेलच, ते कुणी नाकारत नाही. पण 1,960 मेगावॉटचं कोयना जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं, आणि त्याचं वीजनिर्मितीचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेलं, मोजकं आहे. पंप उन्हावर चालले, तर ते पाणी संध्याकाळसाठी राखता येतं.