खासगी मातीच्या धरणांबाबतच्या मेसेजचा खुलासा

‘तलाव खासगी, म्हणून धरण सुरक्षा कायदा लागू नाही,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. चूक आहे. 2021चा कायदा मालकी नव्हे, उंची बघतो. 15 मीटरपेक्षा उंच धरण सरसकट त्यात येतं. 10 ते 15 मीटरला लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर, अशी एखादी अट पुरते. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी मालकाचीच जबाबदारी.

लहान बांध कायद्याबाहेर, धोक्याबाहेर नव्हे. राधानगरी धरणासारखे स्वयंचलित दरवाजे इथे कुठले? जादा पाणी वाहून नेणाऱ्या सांडव्यावर वाळूची पोती रचून साठा वाढवला (हा उद्योग हमखास होतो) की पूर माथ्यावरून जातो, बांध धुपतो. पायथ्याचा पाझर बादलीत धरून बघा. गढूळ आला तर आतली माती निघतेय. तहसीलला कळवा, विमोचकातून (पाणी सोडायच्या दारातून) पाणी उतरवा. पण एकदम नको, पाण्याकडचा उतार घसरतो.