तपासणीच्या दिवशी चालत आली म्हणून

अपंगत्वाचे लाभ ठरवताना माणसाचा नेमका कुठला दिवस मोजतात, यावर बरेच दिवस लिहायचं होतं. काल एका मैत्रिणीचा या लाभांचा अर्ज नामंजूर झाला आणि आता गप्प बसवत नाही. नकाराच्या कागदावर कारण काय, तर "अर्जदार कुणाच्याही आधाराशिवाय चालत तपासणीच्या खोलीत आल्या". आली, खरंच आली. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. त्या खोलीपर्यंत चालत जाता यावं म्हणून ती आधी अंथरुणात पडून राहिली होती, आणि घरी आल्यावर तिला धरून न्हाणीघरात न्यावं लागत होतं. यातलं काहीही त्या कागदावर नाही. कागदावर फक्त तिची चार पावलं आहेत.

मला स्वतःला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. बटण हातात असतं, काज समोर असतं, पण चिमटीच होत नाही. टूथपेस्टचं झाकण दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवावं लागतं. दुपारपर्यंत सांधे मोकळे होतात आणि हीच बोटं मोबाईलवर बऱ्यापैकी टाइप करतात. त्यामुळे दुपारी भेटणाऱ्याला सकाळची मी कधी दिसतच नाही. तपासणीची वेळ दुपारची असली की कागदावर जी बाई उतरते ती मीच असते, पण अर्धीच.

तपासणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात जो तक्ता असतो त्यात सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत जोर किती, एवढंच भरायचं असतं. पाय गमावलेल्या माणसाला हे माप लावणं ठीक आहे, कारण त्याचा पाय मंगळवारी असतो आणि बुधवारी नसतो असं होत नाही. पण ल्युपस, क्रोन्स, बायपोलर, सिकलसेल, एपिलेप्सी यांचं तसं नसतं. हे आजार डोकं वर काढतात, खाली घालतात, पुन्हा वर काढतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये तर स्नायू वापरावा तसा थकत जातो आणि विश्रांतीनंतर पुन्हा जोर येतो. अशा माणसाला एकदाच हात उचलायला सांगितलं तर तो उचलेल. दहाव्यांदा उचलून बघा म्हणणारं कुणी हवं ना? आणि एमई म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्यांचं दुखणं तर बऱ्याचदा श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी उसळतं. म्हणजे तपासणीचा खरा निकाल तपासणी संपल्यावर, कुणीही बघत नसताना लागतो.

कायद्यांना हे कळत नाही असं नाही. कॅनडाच्या २०१९ च्या कायद्याने अपंगत्वाच्या व्याख्येतच कायमचं, तात्पुरतं आणि अधूनमधून येणारं, दिसणारं आणि न दिसणारं, असं सगळं धरलं आहे. अमेरिकेने आपल्या अपंगत्वाच्या कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीत लिहून ठेवलं की आजार मध्येच शांत असला तरी तो जागा असताना माणसाला किती अडवतो ते बघायचं. अर्थात हे भेदभावाविरुद्धचे आणि सुविधांबद्दलचे कायदे आहेत. पैसे द्यायची वेळ आली की व्याख्या अंग चोरते. भारतात २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलियाही आले. मोठं पाऊल होतं ते. पण आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा उंबरठा गाठावा लागतो. वर-खाली होणाऱ्या आजाराचा टक्का कुठल्या दिवशीचा लावायचा?

ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तींसाठी 'पिप' नावाचा भत्ता आहे. त्याच्या नियमांत एक गोष्ट मला मनापासून पटते: एखादं काम जमतं असं म्हणायचं असेल तर ते सुरक्षितपणे, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे. असं आम्ही कितीतरी वर्षं ओरडून सांगतोय. पण त्याच नियमांत हेही आहे की अडचण निम्म्याहून जास्त दिवस असली पाहिजे. आठवड्यातले तीन दिवस जो अंथरुणाला खिळलेला असतो तो निम्म्याच्या आतच राहतो. ते तीन दिवस कुठले, हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. अशा माणसाला नोकरीवर कोण ठेवणार आहे? अनिश्चितता हाच इथे सर्वात मोठा अडथळा आहे आणि तो मोजायला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

बरं वाटण्याचीही धास्ती असते, हे धडधाकट माणसाला पटकन पटत नाही. औषध लागू पडलं, दोन महिने बरे गेले, थोडं काम करावंसं वाटलं, तर लगेच मनात येतं: लाभ बंद झाला आणि मग दुखणं उलटलं तर? माणसं घाबरून काम करून बघतच नाहीत. यावर उपाय निघू शकतो. अमेरिकेतल्या अपंगत्व विम्यात काम करून बघायला ९ महिने मिळतात. पुढे कमाईमुळे लाभ थांबला आणि त्याच आजाराने ५ वर्षांच्या आत पुन्हा काम अशक्य केलं, तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. हे सगळीकडे का होऊ नये?

आणि लोक. राखीव जागेवर बसलं की नजरा. हसतानाचा एक फोटो टाकला की "आता बरी दिसतेस की". २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून गळ्यात घालायची, सूर्यफुलं छापलेली हिरवी पट्टी सुरू झाली, ती आता बऱ्याच देशांत चालते. ज्यांना तिचा आधार वाटतो त्यांनी जरूर घालावी. पण आपण खोटं बोलत नाही हा पुरावा आजारी माणसाने गळ्यात बांधून फिरावं, हे मला सलतं.

जे कुणी अर्ज भरणार आहेत त्यांना कळकळीने सांगते. "जमतं का?" या प्रश्नाला नुसतं हो लिहू नका. किती वेळ लागतो, लगेच पुन्हा जमतं का आणि दुसऱ्या दिवशी काय होतं, तेही तिथेच लिहा. जागा पुरली नाही तर जोडपत्र लावा. रोजच्या नोंदी आजपासून ठेवा, चांगल्या दिवसांच्याही, म्हणजे वाईट दिवस नंतर रचलेले वाटणार नाहीत. नेहमीच्या डॉक्टरांकडून पत्र घेताना आजाराच्या नावावर थांबू नका, तो किती वेळा आणि किती काळ उसळतो हे त्यांना लिहायला सांगा. घरात जो तुम्हाला उठवतो, बसवतो, त्याचंही निवेदन सोबत जोडा.