जागा मोक्याची, अडचण नाटकाची

तुमच्या शहरात सरकारी जमिनीवर एखादं जुनं नाट्यगृह असेल आणि शहराचा कारभार तुमच्या हाती असेल, तर आधी तुमचं सांत्वन करतो. भर रस्त्यावरची जागा, एफएसआय (म्हणजे जागेवर जेवढं बांधता येतं तेवढं क्षेत्रफळ) नुसता वाया चाललेला, आणि रोज संध्याकाळी तिथे काय, तर पाच-सातशे माणसं तिकीट काढून अंधारात बसतात! कोणत्याही कर्तव्यदक्ष कारभाऱ्याची झोप उडावी अशीच ही परिस्थिती. पण धीर सोडू नका.

फक्त घाई नको. पुण्यात घाई नडली. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसलेली, १९६८ साली उद्घाटन. अशा वास्तूच्या पुनर्विकासाचा मनोदय महापालिकेने २०१८ मध्ये थेट अंदाजपत्रकात जाहीर केला. लोकांना वास्तूचा पुरेसा कंटाळा यायच्या आत! मग कलावंत विरोध करणारच.

तर आधी कंटाळा आणा. त्याला खर्च शून्य. एसी बंद करू नका, पहिल्या अंकापुरता चालू द्या. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी निघाली की ती पुन्हा बसवायची नाही. आतल्या माणसाने एका हाताने दार धरून ठेवायचं. रंगपटातल्या आरशाभोवतीचे दिवे एकेक करून जाऊ द्यात, म्हणजे कलाकार मोबाइलच्या उजेडात दाढी-मिशा चिकटवतील. असं काही वर्षं चाललं, की एखादा वैतागलेला प्रेक्षक मध्यंतरात म्हणेलच, ‘आता याचं काहीतरी केलं पाहिजे.’ हे वाक्य सोडू नका. प्रस्तावात ‘रसिकांच्या आग्रही मागणीनुसार’ असं जे लिहायचं असतं, ते हेच.

जमीन शासनाची आणि ताबा महापालिकेचा असेल, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. कोणी जाब विचारला की महापालिकेने मंत्रालयाकडे बोट दाखवायचं, मंत्रालयाने महापालिकेकडे. आणि ‘विकली’ हा शब्द तोंडातून काढू नका. जमीन विकायची नसतेच, भाडेपट्ट्याने द्यायची असते. मुदत ३० वर्षं, नूतनीकरणाची तरतूद तिथेच करून ठेवावी, नाहीतर सरळ ९९ वर्षं. मुदत संपेल तेव्हा सही करणारा कुठे असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भाडं आजच्या रेडीरेकनरवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकावर ठरवा आणि वाढीचं कलम असं लिहा, की ते वाचता वाचता लेखापरीक्षकालाच निवृत्तीची तारीख गाठावी.

आराखड्यात नाट्यगृह ठेवायचंच. अगदी ठळक, रंगीत चित्रासह, दारात फुगे घेतलेली मुलगी दाखवून. फक्त ते चौथ्या मजल्यावर न्या. तळमजला दुकानांना लागतो, पहिला-दुसरा कार्यालयांना, तिसऱ्यावर फूडकोर्ट. आता नेपथ्याचा टेम्पो येईल. सेटचे फ्लॅट (भिंतींसारख्या उभ्या चौकटी), लेव्हल (चौथरे), सोफा, जिना, तुळशीवृंदावन हे सगळं दुपारी चढवायचं आणि प्रयोग संपल्यावर मध्यरात्री उतरवायचं, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी प्रयोग. लिफ्ट माणसांच्या मापाची ठेवा. फ्लॅट तिच्यात मावत नाही, हे उद्घाटनानंतर कळावं. रंगमंचाच्या वर पडदे आणि दिव्यांचे बार ओढून घ्यायला उंची लागते, असं कोणी म्हणालं तर छत खाली आणून ‘आधुनिक फॉल्स सीलिंग’ करून टाका. विंगा अरुंद ठेवा, सभागृहाला ‘बहुउद्देशीय’ म्हणा. म्हणजे लग्नाला, सेमिनारला आणि बक्षीस समारंभाला ते सारखंच चालेल, आणि नाटकाला चाललं नाही तर दोष नाटकाचा. (अशा सभागृहात मागच्या रांगेला संवाद ऐकू येत नाहीत. त्यावर नटांनी आवाज कमवावा, हा सल्ला तयार ठेवा.) आसनसंख्या निम्म्यावर आणा, ‘प्रेक्षक घटलेत’ हे कारण आहेच. ते का घटले याचं उत्तर वर कडीच्या संदर्भात येऊन गेलं आहे, पण तेवढं मागे जाऊन कोण वाचतो?

कलावंतांची समिती नेमायला विसरू नका. ज्येष्ठ रंगकर्मींना सन्मानाने बोलवा, शाल-श्रीफळ द्या, सूचना इतिवृत्तात नोंदवा. आराखड्यावर सह्या त्याआधी झालेल्या असल्या की पुरे.

कोल्हापूरकरांसारखी जनता तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढी प्रार्थना मात्र करा. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं, आज केशवराव भोसले यांचं नाव असलेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. भिंतींच्या आत राख उरली आणि लोकांनी मागितलं काय? होतं तसंच परत बांधून द्या! व्यापारी संकुल नको, मल्टिप्लेक्स नको. सरकारलाही ते मान्य करावं लागलं. असा हट्टीपणा दुसरीकडे पसरला, तर पुनर्विकास नावाची गोष्टच धोक्यात येईल.

एवढं सांभाळलंत की उद्घाटनाची तारीख काढा. नटराजपूजन, नांदी, सगळं साग्रसंगीत करा. सभागृहाचं अग्निशमन प्रमाणपत्र तोवर आलेलं नसेल, तर नांदी पार्किंगमध्ये म्हणवून घ्या. फूडकोर्टचं मात्र आलेलं असेलच. त्याची फीत आधी कापा.