डोके घरी ठेवावे आणि मगच न्यायालयात यावे

‘एस ॲटर्नी’ या व्हिडिओ खेळमालिकेत बचाव पक्षाचे वकील होऊ इच्छिणाऱ्या नवोदितांना चार सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण गेल्याच आठवड्यात एका साक्षीदाराचा खोटेपणा ठरलेल्या क्षणाच्या थोडा आधी ओळखण्याचा गंभीर गुन्हा माझ्या हातून घडला आणि न्यायमूर्तींनी त्याची सजाही तत्काळ सुनावली. आपल्यावर तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

प्रथम, आपण या खेळाच्या प्रेमात पडणार हे गृहीत धरावे. 2001 मध्ये जपानात गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेल्या पहिल्या भागातला पहिलाच खटला भल्याभल्यांना भुलवतो. शू ताकुमी या लेखक-दिग्दर्शकाने त्यात खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवून टाकले आहे. आपण फक्त फ्रँक साहविट नावाच्या लबाड साक्षीदाराला बोलते ठेवायचे आणि त्याच्या खोट्या विधानावर ते खोडणारा पुरावा पुढे करून ‘ऑब्जेक्शन!’, म्हणजे आक्षेप, नोंदवायचा. तो म्हणतो, प्रेत दुपारी एक वाजता सापडले. शवविच्छेदन अहवाल म्हणतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान झाला. ‘ऑब्जेक्शन!’ मग त्याला आठवते की टीव्हीवर वेळ ऐकली होती, पण त्या वेळी इमारतीत वीजच नव्हती. पुन्हा ‘ऑब्जेक्शन!’ शेवटी घड्याळ पाहिले म्हणावे, तर ते घड्याळ पुतळ्याच्या आकाराचे, नुसते पाहून घड्याळ म्हणून ओळखू न येणारे, आणि वर तीन तास मागे पडलेले. एका थापेला टेकू देण्यासाठी दुसरी थाप मारत हा गृहस्थ घामाघूम होत जातो आणि अखेरीस डोक्यावरचा टोप उपटून वकिलाच्या तोंडावर फेकतो. इतका बहारदार पंचनामा आपल्या हातून झाल्यावर कोणालाही वाटेल की पुढेही आपल्या बुद्धीलाच काम आहे. हा गैरसमज मनातून तातडीने काढून टाकावा.

तिथल्या न्यायव्यवस्थेविषयी प्रश्न विचारू नयेत. खटला तीन दिवसांत निकाली निघतो, न्यायमूर्ती कोणाच्याही बोलण्यावर डोलतात, दुसऱ्या भागातल्या सरकारी वकील बाई साक्षीदारांसह सर्वांना चाबकाने फोडून काढतात आणि त्याबद्दल कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. ज्या जपानात खटल्यांतील दोषसिद्धीचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक असते, तिथल्या लेखकाने चाळीस वर्षे एकही खटला न हरलेला सरकारी वकील खलनायक म्हणून उभा करावा, यातला डंख ज्यांना जाणवतो त्यांना हा विनोद अधिकच आवडतो. इंग्रजी आवृत्तीत हेच सारे लॉस एंजेलिसमध्ये घडते आणि रामेनच्या जागी बर्गर येतो. तेही निमूटपणे गिळावे.

साक्षीदार म्हणून पोपट उभा राहिला आणि त्याची उलटतपासणी घ्यावी लागली, तर आदराने घ्यावी.

तपासाच्या दिवशी वकिलीची सनद, म्हणजे कोटावरचा तो बिल्ला, भेटेल त्याला दाखवत सुटावे. कोणालाही त्याचे कौतुक नसते, पण नेमक्या कोणाला नेमकी कोणती वस्तू दाखवल्यावर कथा पुढे सरकेल याचा पत्ता खेळ लागू देत नाही, त्यामुळे सर्वांना सर्व काही दाखवणे हाच शास्त्रशुद्ध मार्ग उरतो. जुन्या भागांत एका ठिकाणाहून दुसरीकडे थेट जाताही येत नाही. मधली ठिकाणे ओलांडत जावे आणि परत यावे. याला तपास म्हणतात.

आता मुख्य सूचना. विचार करावा, पण रांगेत उभे राहून करावा. समजा, साक्षीदार म्हणाला की त्याने खून खिडकीतून पाहिला. आपल्याजवळ त्या खोलीचा नकाशा आहे आणि छायाचित्रही आहे, आणि दोन्हींत त्या बाजूला खिडकीच नाही. आपण भाबडेपणाने छायाचित्र पुढे केले, तर न्यायमूर्ती मान हलवतात, सरकारी वकील खो खो हसतो आणि आपल्या खात्यातून दंड वजा होतो. तोच मुद्दा, तेच वाक्य, फक्त हातात नकाशा, की लगेच भर न्यायालयात खळबळ. नकाशाच बरोबर घेतला, पण साक्षीतल्या चौथ्या विधानाऐवजी त्याच अर्थाच्या दुसऱ्या विधानावर आक्षेप नोंदवला, तरीही दंड. खुनी कोण हे आपल्याला पहिल्या दिवशी कळलेले असते, परंतु आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो तो वकील, आपला फीनिक्स राइट, तिसऱ्या दिवसापर्यंत आश्चर्यचकित होत राहणार आणि त्याला ते सुचेपर्यंत आपण न सुचल्याचे सोंग करायचे. म्हणजे उत्तर काय आहे हे शोधणे बाजूला राहते आणि लेखकाच्या मनात या क्षणी कोणते उत्तर आहे, हे ओळखत बसावे लागते. दुसऱ्या भागापासून दंडाची पट्टी आली, ती चुकांनी घटत जाते आणि संपली की खटला हरला, आणि काही प्रसंगी एका उत्तरावर ती सबंध पणाला लागते, त्यामुळे शहाणा खेळाडू काय करतो? प्रत्येक आक्षेपाआधी खेळ सेव्ह करतो, पुरावे एकेक करून फेकून पाहतो आणि चुकले की मागे जातो. तर्कशास्त्राचा हा केवढा गौरव!

पात्रांमध्ये शिडी आणि घडीची शिडी यांतील फरकावर वाद सुरू झाल्यास पंखा लावून स्वस्थ बसावे.

या दुखण्याची जाणीव निर्मात्यांना नाही असेही नाही. 2013 च्या ‘ड्युएल डेस्टिनीज’मध्ये हरलेल्या जागेवरूनच पुन्हा सुरुवात करण्याची सोय आली. 2021 च्या ‘ग्रेट एस ॲटर्नी क्रॉनिकल्स’मध्ये तर कथा-पद्धतीचा पर्याय दिला, तो निवडला की खेळ स्वतःच साक्षी तपासतो, स्वतःच पुरावा देतो आणि स्वतःच जिंकतो. खेळाडूचा विचार अडचणीचा ठरत होता, तेव्हा खेळाडूलाच बाजूला केले, याहून मूलगामी उपाय कोणाला सुचला असता?

आणि अडलात तर जाणकार चाहत्यांना जरूर विचारावे. मी विचारले. पुराव्याची गफलत सविस्तर लिहिल्यावर एका विद्वानाचे उत्तर आले की तुम्हाला हा खेळ समजलेलाच नाही, मुकाट्याने गाइड, म्हणजे आयती उत्तरे देणारी मार्गदर्शिका, उघडा. आणि त्याखाली इतरांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली.

आता सरळच बोलतो. मला हा खेळ समजला आहे आणि म्हणूनच राग येतो. ज्याला पात्रे इतकी जिवंत लिहिता येतात, ज्याला एका खोट्यातून दुसरे खोटे इतके सफाईने उलगडता येते, त्याच्या खेळात खेळाडूच्या बरोबर तर्काला चूक म्हटले जात असेल, तर तो दोष खेळाच्या रचनेचा आहे, आणि ‘अहो, तो विनोदी खेळ आहे’ असे म्हणून तो झाकणाऱ्यांनी या खेळाचे नुकसानच केले आहे. गाइड समोर उघडे ठेवून खटले जिंकणाऱ्यांनी दुसऱ्याची अक्कल काढू नये. आणि ज्यांनी पोपटासाठी पानभर संवाद लिहिले, त्यांनी ‘तुमचा मुद्दा योग्य आहे, पण याहून ठोस पुरावा द्या’ हे एक वाक्य न्यायमूर्तींसाठी लिहायला काय हरकत होती?