अर्ज फ्रीजवर आहे

गेले तीन आठवडे आमच्या फ्रीजवर एकाच लोहचुंबकाखाली दोन कागद लटकताहेत. एक कॅरव्हॅन क्लबच्या, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन हिंडणाऱ्यांच्या मंडळाच्या, सभासदत्वाचा अर्ज. दुसरं २०१९ सालच्या वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात वाचकांच्या पत्रांत मी पर्यटकांवर तोफ डागली आहे. बसमधून उतरतात काय, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवतात काय, भात शिजवतात काय! पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्याला दोन हजार रुपये दंड आणि टोळक्याला दहा हजारांपर्यंत, अशी तरतूद गोव्यात त्या वर्षी झाली, तेव्हा "दंड फारच थोडा आहे" असं मी ठणकावलं होतं. हे कात्रण हिने कुठून शोधून काढलं देव जाणे. लावलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर वाद तरी घालता आला असता.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं भाच्यानं. आजोबांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीच्या बळावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो इंग्लंडात स्विंडनला पोचला. तिथे इतके गोंयकार आहेत, की मडगावच्या बाजारात चुकलेला माणूस हमखास तिथे भेटतो म्हणतात. तिकडे गेलेली माणसं आधी घर घेतात. यानं चाकांवरची खोली घेतली आणि मोटारीला जोडून हिंडू लागला. त्याचा क्लब १९०७ सालचा. मी बँकेतून निवृत्त झालो त्या रविवारपासून व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी सुरू झाली.

"मामा, ह्या छंदाची सुरुवात एका निवृत्त माणसानेच केली. गॉर्डन स्टेबल्स, आरमारातला डॉक्टर. १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून त्यानं दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली. नाव 'वाँडरर'. बरोबर गाडीवान, कुत्रा, काकाकुवा आणि एक नोकर. रस्ता मोकळा आहे की नाही ते बघायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे."

ही मागे तांदूळ निवडत होती. "काकाकुवा कोण ते कळलं," ती म्हणाली. "सायकलवर मी, ना?"

आमच्याकडच्या क्लबाचा पसारा लहान. सात-आठ गाड्या, त्यातल्या निम्म्या कायम गॅरेजात. सचिव निवृत्त तारवटी. पंचवीस वर्षं बोटीवर काढल्यामुळे ट्रेलरच्या डाव्या-उजव्या बाजूलासुद्धा तो पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतो. "महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरव्हॅनचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी. आपण मागे का राहायचं, पात्रांव?" असं त्यानं विचारलं, तेव्हा गोव्याची इभ्रत माझ्या साडेतीन हजारांच्या वर्गणीवर अडली आहे असं मलाही वाटायला लागलं. शेवटी तडजोड ठरली. त्याचा जुना ट्रेलर घेऊन एक रात्र पाहुणा म्हणून राहायचं, मग सही. हिनेही होकार दिला. "एक रात्र. सकाळी सातच्या वर एक मिनिट नाही."

आधी वजन. भाच्याचा नियम असा, की नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. माझी मोटार ८३० किलो, म्हणजे मर्यादा झाली ७०५. रिकामा ट्रेलर ६०० किलो. उरले १०५. बँकेत उभा जन्म ताळेबंद जुळवला, पण हिची यादी त्या १०५ मध्ये बसवताना घाम फुटला. उकडे तांदूळ पाच किलो. सात नारळ. ("एका रात्रीला सात?" "कुणी आलं-गेलं तर?" रानात कोण येणार-जाणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.) विळी, कुकर, सोलं, लोणच्याची बरणी, दोन गाद्या, उशा घरच्याच, आणि मंगेशीचा फोटो.

त्यावर भाच्यानं नवीनच काढलं. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा भार मोटारीच्या हुकावर पडतो, तो एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर सापासारखा वळवळायला लागतो आणि शेवटी शेपूटच डोक्याला ओढून नेतं. म्हणून जड सामान खाली, चाकांच्या आसावर. न्हाणीघरातला वजनकाटा आणून त्यावर लाकडाचा तुकडा, त्यावर दांडी टेकवून मी आकडा वाचत होतो आणि ही आत नारळ पुढे-मागे सरकवत होती. तीन नारळ मागे, काटा ३१. तेच पुढे आणले, ३९. शेजारचे भाऊ कुंपणावरून बराच वेळ बघत होते. "सत्यनारायण का?" त्यांनी विचारलं.

तो ट्रेलर त्या संध्याकाळी आमच्या दारातच उभा होता. पांढरा, चौकोनी, एका अंगाला वर उघडणारी खिडकी, आत पिवळा दिवा. गोव्यात संध्याकाळी सातनंतर असं काही रस्त्यावर दिसलं तर माणूस एकच अर्थ काढतो: खाण्याचा गाडो. साडेसातला एक स्कूटरवाला थांबला. "रस-ऑम्लेट आसा?" मी नाही म्हटलं. पाठोपाठ दोन कॉलेजची पोरं. मग एक पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला, पॅसेंजरसकट. त्याला मी हा गाडो नव्हे, ही कॅरव्हॅन, असं सविस्तर समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मगीर ऑम्लेट पाव तरी?"

"अर्ध्या तासात चार गिऱ्हाइकं," ही आतून म्हणाली. "क्लबापेक्षा हे बघा."

सगळ्यात मोठी परीक्षा मात्र मागे घेण्याची. पुढे कुणीही जातो. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलटं फिरवायचं, म्हणजे ट्रेलरची शेपटी डावीकडे हवी तर चाक उजवीकडे, आणि ती वळायला लागली की लगेच तिच्या मागोमाग चाक सोडत जायचं. ऐकताना हे सोपं वाटतं. पस्तीस वर्षं मोटार चालवलेले हात ऐकत नाहीत. सचिवानं मला गावच्या फुटबॉलच्या मैदानावर नेलं. पोरांनी खेळ थांबवला आणि टचलाइनवर बैठक मारली. पहिल्या खेपेला मोटार आणि ट्रेलर यांचा असा कोन झाला, की मला माझ्याच ट्रेलरचा दरवाजा समोर दिसायला लागला. दुसऱ्या खेपेला त्याहून वाईट. "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" सचिव ओरडत होता. त्या क्षणी मला उजवा हात कुठला तेसुद्धा आठवेना, स्टारबोर्ड तर दूरच. पाचव्या खेपेला ट्रेलर अलगद, सरळ, देखणेपणाने मागे गेला आणि गोलपोस्टात शिरला. क्षणभर सगळीकडे शांतता. मग एक बारका म्हणाला, "ऑफसाइड."

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडचा क्लब याचे वर्ग घेतो. शिवाय ट्रेलरवाल्यांना तीन पदरी मोटरवेवर अगदी उजव्या पदरात जायलाच बंदी, आणि वेग साठ मैलांपर्यंत. आमच्या महामार्गावर सगळ्यात सावकाश ट्रक नेमका उजव्या पदरातून जातो, हे मी त्याला सांगितलं नाही. तो इथलाच, विसरला असेल.

एप्रिलातल्या एका शनिवारी निघालो. वाळपईच्या पुढे सचिवाच्या मेव्हण्याची काजूची बाग. तिथे तीन गाड्या आधीच लागल्या होत्या आणि त्यांचे मालक खुर्च्या टाकून काजूची दारू उराक, लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची अशा तयारीत. बागेत ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली तेव्हा चौघांनी उठून तो हुकातून सोडवला आणि हातांनी ढकलून जागेवर लावला. हे इतकं सोपं होतं तर मैदानावर माझा तमाशा कशाला केला, असं मी विचारलं. "सवय असलेली बरी," सचिव म्हणाला.

मग मला कॅसेटची ओळख करून देण्यात आली. कॅसेट म्हटल्यावर मला अभंग आठवले. पण ही संडासाखालची टाकी, सुमारे अठरा लिटरची, आणि ती रिकामी करण्याचा मान नवशिक्याचा, असा अलिखित नियम. तिकडे याची सोय ठरलेल्या जागी असते. इथे मेव्हण्याच्या घरामागचा संडास, चढावर, वाटेत दोन कुत्री. त्या कुत्र्यांनी मला जाताना ओळख दाखवली नाही आणि येताना तर अजिबात नाही.

रात्री ही आडवी होताच घोरायला लागली. मी जागा. छपरावर थोड्या-थोड्या वेळाने "टप्". पहिल्यांदा वाटलं माकड. दुसऱ्यांदा वाटलं चोर. बॅटरी घेऊन बाहेर आलो तर छपरावर काजूची बोंडं, पिकून गळलेली, आणि सगळीकडे तो आंबूस-गोड वास. आत येऊन मोजत पडलो. एकेचाळीसपर्यंत आठवतं.

सातला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला. मी बनियन-लुंगीवर धावत बाहेर. सायकलवरचा पोदेर माझ्याकडे, मग ट्रेलरकडे, मग दोरीवर वाळत टाकलेल्या माझ्या टॉवेलकडे बघून म्हणाला, "कितना चाहिए, अंकल?"

मला! गोव्यात! हिंदीत! मी छाती काढून म्हटलं, "आरे, हांव फोंड्याचो."

त्यानं टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं. "सगळे तशेंच म्हणटात," तो म्हणाला.

सहा उंडे पाव घेतले. वळलो तर खिडकी वर उचलून ही बाहेर डोकावत होती, केस विस्कटलेले, हातात चहा. चहा तिने स्वतःच केला होता आणि एकटीच पीत होती. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली, तरी सामान आवरायची हालचाल दिसेना. मी मुद्दामच वेळ सांगितली.

"पोदेर गेला का?" तिने विचारलं. "उद्या चार पोळ्याही आण म्हणावं."